सतरा वळणं

"परत तेच गाणं! दुसरी टेप आणलीच नाही वाटतं लेकाच्यांनी."

लोथारआजोबा अगदी माझ्या कानाशी कुरकुरले. एका हातात गरम वाइनचा मग, दुसऱ्या हातात सॉसेज घातलेला पाव, आणि मिशीला मोहरी. आम्ही फिनिशच्या कुंपणाला टेकून उभे होतो. शनिवारची दुपार होती, शर्यतीचा पहिला दिवस नुकताच संपला होता आणि भोंग्यावर उद्याच्या बक्षीस समारंभाची तालीम चालू होती. तालीम म्हणजे आमचं राष्ट्रगीत, थोडं मोठ्यानं, मग थोडं हळू, मग परत मोठ्यानं. बाकी कुठल्या देशाचं गीत वाजवून बघावं असं त्या भोंगेवाल्याच्या मनातही आलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाचं लागणार आहे का उद्या?" मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी. चाळीस वर्षं या ट्रॅकवर बर्फ थापला. मरायच्या आधी एकदा तरी दुसऱ्याचं ऐकू दे की. इटलीचं म्हणे छान उडतं आहे."

"मग जा इटलीला."

"तिथे असलं सॉसेज मिळतं का?" त्यांनी पावाचा लचका तोडला. "मोहरी मात्र पातळ केलीय हं यंदा."

समोरच्या फलकावर पहिल्या तीन नावांपुढे आमचाच झेंडा होता. चौथ्या नंबरावर स्वित्झर्लंडची गाडी, आणि ती दोघं पोरं एकमेकांना मिठ्या मारून अशी नाचत होती की जणू जग जिंकलं. त्यात त्यांची चूक नाही. दोन माणसांच्या बॉबस्लेमध्ये, म्हणजे बर्फाच्या घळीतून घसरत येणाऱ्या गाड्यांच्या या शर्यतीत, चौथा नंबर म्हणजे बाहेरच्यांचं सोनं, हे आता सगळ्यांनी मान्यच केलंय. एका देशाला तीनच गाड्या उतरवता येतात. ती अट नसती तर चौथाही आमचाच आला असता. म्हणून आमची खरी शर्यत बाहेरच्यांशी नसतेच. ती असते डिसेंबरात, आपापसात, त्या तीन जागांसाठी. तिथे जो मागे पडतो तो जगातला चौथ्या नंबरचा पायलट असतो आणि घरी बसून टीव्ही बघतो.

पहिल्या नंबरावर होता माझा भाऊ फाल्क, पुढे बसून गाडी चालवणारा. वय एकोणचाळीस, पाच वेळा जगज्जेता. आणि त्याच्या पाठीमागे गाडीत बसणारा, सुरुवातीला ढकलणारा आणि शेवटी ब्रेक ओढणारा, तो माझा मुलगा नील्स. मामा-भाचे. वर्तमानपत्रवाल्यांना ही जोडी फार आवडते. आणि त्या गाडीखाली जी चार पोलादी पाती असतात, ती मी घासते. शाळेत हे कुणी शिकवत नाही. वडिलांनी हे काम सोडलं तेव्हा त्यांचं तळघर आणि सँडपेपरची खोकी माझ्याकडे आली, आणि मी आपली चुकत चुकत शिकले. आता मोठमोठे इंजिनिअर माझ्या पात्यांवरून बोट फिरवतात आणि काहीच कळलं नाही की "हं, हं" म्हणतात.

दोन फेऱ्या झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या. फाल्क एकतीस शतांश सेकंदांनी पुढे होता. आमच्या खेळात एवढ्या वेळात माणसाची सिगारेट पेटवून ओढून होते, असं लोथारआजोबा म्हणतात.

"सहावं सोनं आलंच म्हण," ते म्हणाले. मग मगात बघत बघत, "झोप लागते ना गं त्याला नीट? परवा रस्त्यात भेटला तर मला म्हणाला, लोथार, बाबा कसे आहेत?"

आमचे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या शवपेटीला पुढून उजवीकडे लोथारआजोबांचाच खांदा होता.

"दमलाय," मी म्हटलं.

"दमलाच असेल," ते चटकन म्हणाले. "मोसम फार लांबला यंदा."

आमच्या गावात हे असं चाललं होतं. फाल्कला कुणी म्हणे झोप कमी पडते, कुणी म्हणे बायको सोडून गेल्यापासून जेवण धड नाही, कुणी म्हणे चष्मा लागला असेल. सगळा गाव मूग गिळून बसला होता, आणि त्या गावात मीही होते.

*

पाती काढून न्यायला मी गाड्यांच्या शेडमध्ये गेले. दार ढकललं आणि आत एकदम चिडीचूप. मी दारातच थांबले, कारण ती शांतता मला ठाऊक होती. कुणीतरी पायलट 'खाली येत' होता.

हे पायलट लोक शर्यतीच्या दिवसांत रिकामे बसले की डोळे मिटतात आणि मनातल्या मनात ट्रॅकवरून खाली येतात. हातात गाडी वळवायच्या दोऱ्या धरल्यासारख्या मुठी, मान किंचित डावी-उजवी, खांदे कलतात. त्या वेळी बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नट-बोल्टसुद्धा खाली ठेवायचा नाही. चर्चमध्ये लोक खोकतात, पण इथे कुणी खोकत नाही. आणि ट्रेनर बाजूला उभा राहून घड्याळ लावतो. चांगल्या पायलटची मनातली फेरी आणि खरी फेरी यांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडत नाही.

फाल्क उलट्या क्रेटवर बसला होता. डोळे मिटलेले, चेहरा शांत, लहानपणी झोपेत असायचा तसा. ट्रेनर वोल्फ्राम त्याच्या शेजारी, अंगठा घड्याळावर. नील्स भिंतीशी हेल्मेटचा पट्टा उगाच चाचपत बसलेला.

मी फाल्कचे हात बघायला लागले. हे हात मी तो सोळा वर्षांचा असल्यापासून बघतेय. आमच्या ट्रॅकला सतरा वळणं आहेत. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, पण फाल्कच्या हातांनी ती सतरा वळणं मला पाठ झालीत, जशी प्रार्थना पाठ असते, अर्थ न बघता.

पहिलं वळण, दुसरं. मग त्याचे हात चार वेळा भरभर हलले, छोटे छोटे, इकडे तिकडे, इकडे तिकडे. माझ्या मनात आलं, हे काय? इथे हे नाही. मग डावा हात ओढून धरला, धरला, धरूनच ठेवला, एका लांबच लांब भिंतीवरून जावं तसा.

आणि मला ती भिंत ओळखू आली. प्रतिध्वनीची भिंत म्हणायचे तिला. ती आमच्याकडे नाही. ती केनिगझेला होती, दक्षिणेला, तळ्याच्या काठी. फाल्कनं पहिलं सोनं तिथेच जिंकलं होतं.

होती म्हणते, कारण आता ती तिथेही नाही. तीन वर्षांपूर्वी जुलैत डोंगरावरून पूर आला आणि तो ट्रॅक फोडून घेऊन गेला. सिमेंटचे तुकडे, पाइप, चिखल, सगळं आम्ही टीव्हीवर बघितलं. फाल्क माझ्याच सोफ्यावर बसून रडला होता.

आणि आता तो त्या ट्रॅकवरून खाली येत होता. जो जगात कुठेच उरला नव्हता, त्याच्यावरून, डोळे मिटून, एकही चूक न करता. वाटलं, ओरडावं. पण तिथे ओरडत नाहीत.

त्याच्या मुठी सैल पडल्या, त्यानं डोळे उघडले आणि हसला. "वेळ कसा होता?"

वोल्फ्रामनं अंगठा दाबला. तो दाराला पाठ करून माझ्या पुढ्यातच उभा होता, मला आकडा दिसला. आमची फेरी पंचावन्न सेकंदांच्या आसपास होते. घड्याळात एकोणपन्नास आणि वर थोडे होते. वोल्फ्रामनं आकड्याकडे बघितलं, मग लगेच बटण दाबून तो पुसला.

"झकास," तो म्हणाला. "अगदी बरोबर."

शेडमध्ये सात-आठ माणसं होती. त्यातल्या प्रत्येकाला केनिगझे ठाऊक होतं. पुन्हा नट-बोल्टांचे आवाज सुरू झाले, कुणीतरी शीळ घातली. नील्सनं वर बघितलंच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दचकलेली मी एकटीच आहे. बाकीच्यांचं दचकून झालेलं होतं.

*

वोल्फ्रामला मी बाहेर गाठलं, ट्रकच्या आडोशाला.

"तू बघितलंस."

"काय?"

"वोल्फ्राम, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. एकोणपन्नास सेकंद."

तो हातमोजे चढवत राहिला. "रोझी, फाल्क डोक्यानं नाही चालवत, बुडानं चालवतो. सगळे मोठे पायलट बुडानंच चालवतात. आज दोन्ही फेऱ्या सगळ्यात वेगवान त्याच्या. आणखी काय पाहिजे तुला?"

"त्याच्या मागे माझा मुलगा बसतो, ते पाहिजे मला."

"मग मुलाला विचार. तो काही बोलला का?"

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टरनं पास केलंय. जानेवारीत उलटला तेव्हा विचारलं होतं, आज वार कोणता? फाल्क म्हणाला, शर्यतीचा! सगळे हसले. डॉक्टरसुद्धा हसला."

"पण वार सांगितला का त्यानं?"

आठ वेळा उलटलाय फाल्क आजवर. प्रत्येक वेळी हेल्मेट बर्फावर घासत खाली येतं, आवाज असा की दात शिवशिवतात. आणि प्रत्येक वेळी तो उठतो, लोकांना हात करतो, काहीतरी विनोद करतो. आमच्यात हीच रीत आहे. न हसता उठला तर लोक घाबरतात.

"फक्त उद्याच्या दोन फेऱ्या," वोल्फ्राम शेवटी म्हणाला. "मग मी स्वतः त्याला घेऊन जातो कुठे न्यायचं तिथे. वचन. पण आता इथे तो शब्द काढू नकोस. त्याच्या जागेवर डोळा ठेवून किती जण बसलेत, तुला माहीत नाही का? आज तू बोललीस की उद्या त्याचं नाव पुसलं. आणि मग त्याच्याकडे काय उरतं?"

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला.

*

संध्याकाळी सहाला आम्ही तिघं जेवायला बसलो. पाव, यकृताचं सॉसेज, चीज, माझ्या हातची आंबट काकडी. फाल्क माझ्याच घरी वरच्या मजल्यावर राहतो. तो मजेत होता. स्विस पोरांच्या नाचाची नक्कल केली त्यानं, खुर्ची पडली.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं.

"आठला," नील्स म्हणाला.

"बरं." पावाला लोणी लावलं. "रोझी, काकडीत यंदा बडीशोप जास्त पडली का?"

"तू दरवर्षी म्हणतोस."

"दरवर्षी जास्त पडते. उद्या किती वाजता निघायचं?"

"आठला, मामा," नील्स म्हणाला, त्याच आवाजात. पहिल्यांदाच सांगतोय असा. तिसऱ्यांदाही त्यानं तसंच सांगितलं. माझ्या पोराचा तो समजूतदार आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. लहानपणी दोन मिनिटं कुणाची वाट बघायचा नाही तो.

सातला फाल्क झोपायला वर गेला. मी ताटल्या उचलल्या नाहीत.

"नील्स, त्याला ट्रॅक आठवतो का?"

"आई, मी मान खाली घालून बसतो. गुडघ्यांत डोकं. मला काहीच दिसत नाही."

"ते मी विचारलं नाही."

त्यानं चाकूनं पावाचे कण एका रेषेत लावले. मग हळूच म्हणाला, "मी सांगतो त्याला."

"काय सांगतोस? कसं?"

"गुडघ्यानं. माझे पाय त्याच्या दोन्ही बाजूंना असतात ना. वळण यायच्या जरा आधी त्या बाजूचा गुडघा दाबतो. मला दिसत नाही, पण मोजता येतं. अंगाला कळतं. नोव्हेंबरात एकदा सरावाला तो वळणात शिरलाच नाही, म्हणजे हात हललेच नाहीत त्याचे. मी घाबरून गुडघा दाबला. तर हात हलले. झकास हलले, आई. एकदा कळलं की कुठलं वळण, मग त्याच्यासारखा कुणी नाही. तेव्हापासून दाबतो."

"प्रत्येक वळणाला?"

"सतराच्या सतरा."

ताशी एकशे तीस किलोमीटरच्या वेगानं माझा मुलगा डोकं खाली घालून, काहीही न बघता, मोजत मोजत खाली येत होता, आणि सगळा देश म्हणत होता की वा, काय हा पायलट!

"त्यानं विचारलं नाही कधी? हे काय करतोस म्हणून?"

"नाही. मीही बोललो नाही."

"आणि एखादं मोजायचं चुकलं तर?"

"चुकलं नाही अजून."

"नील्स."

"दोनच फेऱ्या राहिल्यात. मामानं मला सायकल शिकवली, आई. माझे बाबा गेले तेव्हा तोच होता. मी कसं सांगू लोकांना? तू सांग, सांगायचं असेल तर. तुझा भाऊ आहे."

बघा कसं असतं. ट्रेनर म्हणतो मुलाला विचार, मुलगा म्हणतो तू सांग. मी खाली तळघरात गेले आणि पाती घासत बसले. सहाशेचा कागद, मग हजारचा, मग दोन हजारचा, मग पेस्ट. तासभर. पोलादात माझा चेहरा दिसायला लागला, आणि तो बघावासा वाटेना.

*

आता मी काय केलं ते सांगते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

थंड बर्फावर गरम पातं जास्त वेगानं घसरतं. म्हणून नियम आहे. शर्यतीआधी तासभर एक नमुन्याचं पातं उघड्यावर, सावलीत टांगून ठेवतात. त्याच्यापेक्षा तुमचं पातं चार अंशांहून जास्त गरम निघालं की गाडी बाद. तुम्ही जगज्जेते असा नाहीतर पोप. जुन्या काळी लोक दिव्यानं शेकून आणायचे पाती, म्हणून हा नियम. आता असली चूक कुणी करत नाही. निदान आमच्याकडचं तर कुणीच नाही. आमची पाती घरापासून स्टार्टपर्यंत लाकडी पेटीत, थंड, उघड्या डिकीत येतात. मी तर गाडीचा हीटरसुद्धा लावत नाही. उणे नऊमध्ये नाक गळत जाते.

रविवारी सकाळी फाल्क आणि नील्स टीमच्या गाडीनं पुढे गेले. मी पेटी उचलली आणि डिकीत न ठेवता शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवली. हीटर पूर्ण उघडला आणि वर घोंगडी टाकली. एरवी दहा मिनिटांचा रस्ता, त्याला मी अर्धा तास लावला.

माझा हिशोब सरळ होता. गाडी बाद होईल. दोष माझा. लोक म्हणतील रोझविता म्हातारी झाली, डोकं फिरलं. म्हणू देत. फाल्कबद्दल कुणालाच काही म्हणावं लागणार नाही. जगभर लोक जिंकण्यासाठी पाती गरम करत आलेत, मी हरण्यासाठी केली. आणि हे सगळं कशासाठी, तर एक वाक्य तोंडातून काढायला नको म्हणून.

वर स्टार्टपाशी गर्दी होती, लोकांच्या हातातल्या घंटा वाजत होत्या. तपासनीस एक उंच लातवियन होता. त्यानं आमच्या गाडीच्या पात्याला थर्मामीटर टेकवला. आकड्याकडे बघितलं. थर्मामीटर झटकला, परत टेकवला. मग दुसऱ्या पात्याला. मग नमुन्याच्या पात्यापाशी जाऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता की जणू पाद्र्याच्या खिशात चोरीचा चमचा सापडलाय.

"सहा पूर्णांक आठ अंश जास्त," तो म्हणाला. "बाद."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. घंटा वाजतच होत्या. मग जवळच्या थांबल्या, मग लांबच्या थांबल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या डोंगरावर वाऱ्याचा आवाज ऐकला.

"कोण बाद?" कुणीतरी विचारलं.

"आपली. फाल्कची."

"आपली? काहीतरीच काय!"

स्विस पोरं आमच्याकडे बघत होती. आनंद झालेला नव्हता त्यांना. घाबरली होती.

वोल्फ्राम माझ्यावर धावून आला. "चोवीस वर्षं पाती घासतेस तू! चोवीस! पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा..."

"चुकले," मी म्हटलं. "हीटर चालू राहिला."

"तुझा हीटर? तू तर जानेवारीतसुद्धा..." तो बोलता बोलता थांबला. माझ्या डोळ्यांत बघितलं त्यानं, आणि त्याला कळलं. मला वाटलं, आता गप्प बसेल. संपलं.

पण त्याचं अख्खं आयुष्य जिंकण्यात गेलेलं. तो गर्रकन वळला आणि लातवियनला म्हणाला, "हरकत! थर्मामीटर बिघडलाय. राखीव थर्मामीटरनं पुन्हा मोजा. आमचा हक्क आहे."

राखीव थर्मामीटर ज्यूरीच्या खोलीत होता. खोलीला कुलूप होतं. किल्ली खाली फिनिशला. किल्ली वर येईपर्यंत चौदा मिनिटं गेली, आणि उणे नऊच्या वाऱ्यात ती चौदा मिनिटं माझी पाती उघडी पडून होती. मी त्यांच्याकडे बघत होते. बघता बघता त्यांच्यावर बारीक हिमाची साय धरली, आणि मला समजलं की ती पुरेशी गार झालीत.

लातवियननं नवा थर्मामीटर टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. मग त्याच्या शेजारच्या ज्यूरीशी कुजबुजला, ज्यूरीनं खांदे उडवले.

"तीन पूर्णांक एक. पहिला आकडा ग्राह्य धरता येत नाही. गाडी चालेल."

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! घंटा, भोंगे, टोप्या हवेत. लोथारआजोबांसारखा माणूस, दुसऱ्याचं गाणं ऐकायची हौस असलेला, तोही कुंपणाला धरून नाचत होता. वोल्फ्राम माझ्याकडे बघत नव्हता. नील्सनं आधीच बूट आवळायला घेतले होते. खिळ्यांचे बूट ते. नाडी दोनदा सुटली.

आता बोलायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं. थंड हवा आत गेली, बाहेर काही आलं नाही. माझ्या समोर चारशे माणसं होती, आणि त्या चारशे माणसांना मी लहानपणापासून ओळखत होते. त्यांच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांत एवढंसंही आश्चर्य नव्हतं, फाल्कबद्दल. गाडी बाद झाली याचं आश्चर्य, चालणार याचा आनंद. बाकी त्यांना ठाऊक होतं. माझ्यासारखंच.

"फाल्क, तयार हो," वोल्फ्राम म्हणाला.

फाल्क गाडीच्या डाव्या बाजूला उभा होता, हेल्मेट काखेत. या सगळ्या गोंधळात त्यानं एक शब्द काढला नव्हता. तो खाली बघत होता, बर्फाच्या त्या पांढऱ्या घळीत, जिथे पहिलं वळण दिसेनासं होतं. मग त्यानं नील्सकडे बघितलं. नील्सच्या हातांकडे, नाडीकडे. मग खाली वाकला, तो पाच वेळचा जगज्जेता, आणि भाच्याच्या बुटाची नाडी त्यानं स्वतः बांधली. दुहेरी गाठ मारली.

"मामा, असू दे," नील्स म्हणाला. "वेळ होतोय. घड्याळ चालू झालंय."

खरंच झालं होतं. हिरवा दिवा लागला होता, साठ सेकंद होते हातात, आणि ते मोठ्या फलकावर उलटे पळत होते. फाल्क गुडघ्यावर तसाच बसून राहिला. हेल्मेट त्यानं बर्फावर ठेवलं. ते थोडं घरंगळलं, ते कुणी धरलं नाही.

"रोझी," त्यानं हाक मारली.

मी पुढे गेले. घंटा अजून चालू होत्या, त्यामुळे मला वाकावं लागलं. पण त्याला ते नको होतं. तो उठून उभा राहिला आणि मोठ्यानं बोलला, लातवियनला, स्विस पोरांना, वोल्फ्रामला, कुंपणापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पाती मुद्दाम गरम केली होती ना तू? आणि हा पोरगा नोव्हेंबरपासून गुडघ्यानं मला वळणं सांगतोय. मला वाटायचं, मी बोललो नाही तर तुम्हाला कळणार नाही. तुम्ही बोलत नव्हता, म्हणून वाटायचं नसेलच कळलं." त्यानं फलकाकडे बघितलं. अकरा सेकंद उरले होते. "मला ट्रॅक आठवत नाही. हा नाही, कुठलाच नाही. माझं डोकं गेलंय, रोझी."